टेलिंगचे (खनिज काढून उरलेला ओला गाळ अडवणारे) बांध फुटण्याच्या दुर्घटनांतून खाण उद्योगाने काय धडा घ्यायला हवा?

बांधाच्या खाली माणसं बसवू नयेत. बाकी सगळं त्यानंतर.

गोव्यात एका लोहखनिजाच्या खाणीवर मी शिफ्ट सुपरवायझर होतो. जुलैचा धो धो पाऊस. टेलिंग पाँडच्या बांधाला पायथ्याशी पाझर होता. पाझर असतोच, पाणी नितळ असेल तर कोणी मनावर घेत नाही. त्या आठवड्यात ते तांबूस यायला लागलं. म्हणजे आतली बारीक माती पाण्याबरोबर निघून चालली होती. मी ते पाणी बाटलीत भरून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत तळाला बोटभर लाल गाळ बसला. साहेब म्हणाले, "तपासणीचा रिपोर्ट आहे आपल्याकडे. पावसाळा सरू दे, मग बघू." बांधाच्या अगदी खाली कामगारांची जेवायची शेड होती. निदान ती तरी हलवा म्हटलं, तर म्हणे मी माणसांना घाबरवतोय. बांध टिकला आणि मी घाबरट ठरलो.

२५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्होला वाले कंपनीचा ८६ मीटर उंचीचा बांध फुटला, तोही जेवणाच्या वेळी. कॅन्टीन आणि ऑफिस बांधाच्या खालच्या अंगाला. सायरन वाजला नाही. २७० माणसं गेली. बांध सुरक्षित असल्याचा दाखला आदल्याच सप्टेंबरचा होता. त्याच राज्यात २०१५ साली फुंदाओचा बांध फुटून १९ जण गेले होते, आणि त्या खाणीतही वालेची भागीदारी होती. तरी कॅन्टीन जागचं हललं नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. जुन्या गाळावरच पुढचा बांध चढवत न्यायचा, ही अपस्ट्रीम पद्धत सोडा. ओला गाळ एका क्षणात पातळ होऊन वाहू लागतो. ब्राझीलने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. गाळातलं पाणी काढून तो दाबून रचता येतो. खर्च वाढतो, वाढू दे.

एक मात्र कबूल करतो. गोव्यातला आमचा बांध त्या मानाने लहान होता आणि दुखणंही वेगळं होतं. ब्रुमाडिन्होचा बांध फुटण्याआधी हलल्याची ठळक खूण तज्ज्ञांच्या समितीला सापडली नाही. तिथे माझी बाटली काही कामाची नव्हती. म्हणून तर शेड हलवायची.

साहेब अजून कुठे भेटले की विचारतात, "काय, फुटला नाही ना?" नाही फुटला, साहेब. पण त्या जुलैत रोज दुपारी त्याच्याखाली चाळीस डबे उघडत होते.