‘लिसनर नेम’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न असा आहे: ओरॅकल डेटाबेसची मार्गदर्शिका मराठीत लिहिताना ‘लिसनर नेम’साठी ‘श्रोत्याचे नाव’ चालेल का?

माझ्या मते नाही. श्रोता समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो. लिसनर हा डेटाबेसशी जोडणी मागणाऱ्यांची वाट पाहणारा प्रोग्राम. तो जोडणीची पहिली विनंती घेतो, ती सर्व्हर प्रोसेसच्या, म्हणजे पुढचे काम करणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करतो आणि बाजूला होतो. पुढची देवघेव त्याच्या अपरोक्ष चालते. म्हणूनच लिसनर बंद केला तरी आधीची सेशन्स, म्हणजे सुरू असलेल्या जोडण्या, तुटत नाहीत, नवी जोडणी तेवढी होत नाही. ‘द्वारपाल’ शब्दाचा मोह होतो खरा, पण पासवर्ड तपासून आत घ्यायचे की नाही हे डेटाबेस ठरवतो. तेव्हा ‘लिसनर’च ठेवावा, पुल्लिंगी: तो लिसनर, लिसनरला, लिसनरचे. ‘नेम’ मात्र नको. देवनागरीत तो दिसला की आधी नेमबाजी आठवते. ‘लिसनरचे नाव’ स्वच्छ आहे.

जास्त जपायला हवे ते ‘नाव’ या शब्दाला. लिसनर डॉट ओरा या लिसनरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्याला नाव दिलेले असते. सुरू करताना नाव सांगितले नाही, तर ‘लिसनर’ हेच नाव गृहीत धरले जाते. हे नाव इतर सेटिंग्जच्या शेवटीही चिकटते: एसआयडी_लिस्ट_लिसनर, म्हणजे हा लिसनर ज्या डेटाबेससाठी जोडण्या घेतो त्यांची यादी. नाव बदलून ‘विक्री’ केले तर तिथेही एसआयडी_लिस्ट_विक्री करावे लागते, नाहीतर ती यादी या लिसनरला लागूच होत नाही. अक्षर न् अक्षर जुळायला हवे अशा नावाला विभक्तिप्रत्यय लावू नये. ‘विक्रीचा लिसनर सुरू करा’ यात विक्री हे नाव की काम, ते कळत नाही. ‘विक्री नावाचा लिसनर सुरू करा’ असे लिहावे.

डेटाबेसच्या लोकल_लिसनर या पॅरामीटरपाशी, म्हणजे सेटिंगपाशी, तर हमखास घोळ होतो. पॅरामीटरच्या नावामुळे तिथे लिसनरचे नाव भरावेसे वाटते. त्याला हवा असतो पत्ता, किंवा टीएनएसनेम्स डॉट ओरामध्ये त्या पत्त्याला दिलेले टोपणनाव. लिसनर १५२१ हा नेहमीचा पोर्ट क्रमांक सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल, तर हे भरल्याशिवाय डेटाबेस आपली सेवा त्याच्याकडे आपोआप नोंदवत नाही. इथे ‘पत्त्याचे टोपणनाव’ असेच छापावे. दोन्हीकडे ‘लिसनरचे नाव’ छापले, तर वाचक भलत्याच फाइलमध्ये चूक शोधत बसेल.