विमा आपला, प्रश्न तुमचे : पुण्याची गाडी महाग का पडते?

प्रश्न : माझी आणि पुण्याच्या मेव्हण्याची गाडी एकाच मॉडेलची, एकाच वर्षी घेतलेली, ११९७ सीसी. यंदा विम्याला त्याला माझ्यापेक्षा अडीच हजार जास्त पडले. एजंट म्हणतो, "पुणं म्हटल्यावर पडणारच." गावामुळे एवढा फरक पडतो का? आणि सोलापुरातही जुळे सोलापूरला एक दर नि साखर पेठेला दुसरा, असं असतं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : फरक पडतो, पण एकट्या गावामुळे बहुधा अडीच हजारांचा नाही. दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवा. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या भागाचा दर केंद्र सरकार ठरवतं, तो देशभर एकच असतो. तुमच्या सीसीच्या गाडीला जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ३,४१६ रुपये. गावाचा संबंध येतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात.

२००२ च्या मोटार टॅरिफने खासगी गाड्यांसाठी दोन झोन केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद हा 'ए' झोन. बाकी सगळा देश 'बी'. १००० ते १५०० सीसी आणि पाच वर्षांच्या आतली गाडी असेल तर 'ए'चा दर ३.२८३ टक्के, 'बी'चा ३.१९१. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सहा लाख धरली तर १९,६९८ आणि १९,१४६. फरक ५५२ रुपयांचा. कंपनीने यावर ६० टक्के सूट दिली, तर तोही २२१ वर येतो!

मग बाकीचे पैसे कुठे गेले? २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले. कोणत्या आरटीओच्या, कोणत्या मॉडेलच्या गाड्यांचे क्लेम किती येतात हे बघून कंपनी सूट कमी-जास्त करते. शिवाय मेव्हण्याने मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल तर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला. तुमची सलग तीन वर्षं क्लेमविना गेली असतील तर तुम्हाला ३५ टक्के. त्याने झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता क्लेम देणारं जादा संरक्षण, घेतलंय का, तेही बघा. खरा फरक बहुधा इथेच सापडेल.

पेठेचं म्हणाल तर झोन गाडी कुठल्या आरटीओत नोंदली यावर ठरतो. ती सात रस्त्याला उभी असते की साखर पेठेत, यावर नाही. सोलापूरची एमएच-१३ असो की अकलूजची एमएच-४५, झोन 'बी'च. काही कंपन्या सूट ठरवताना पिनकोडही बघतात, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवा. मात्र सगळीकडे आयडीव्ही एकच ठेवायला सांगा. आकडा स्वस्त दिसावा म्हणून सहा लाखांची आयडीव्ही गुपचूप पाच लाख केलेली असते, आणि गाडी चोरीला गेल्यावर तेवढाच लाख रुपयांचा खड्डा पडतो. ही चलाखी आम्हाला सगळ्यांत वाईट वाटते.

प्रश्न : पुण्याची एमएच-१२ जुनी गाडी घेतोय. सोलापूरला आणल्यावर इथला दर लागेल का? आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस मला मिळेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : दोन्हीचं उत्तर नाही. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे झोन 'ए'च राहतो. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. उरलेल्या मुदतीपुरता त्याचा फरक कंपनी तुमच्याकडून भरून घेते. थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, ओन डॅमेजचं येत नाही. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्या. पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली आणि मोहोळजवळ हायवेला बंपर फुटला, तर क्लेम तिथेच अडतो.