पती जन्मठेपेत, मूल हवंय: अर्ज नेमका कशाचा करायचा?

प्रश्न: मी 36 वर्षांची, नंदनवनला राहते. पती 41 वर्षांचे, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप, सहा वर्षांपासून नागपूर मध्यवर्ती कारागृहात आहेत. हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं. मागच्या वर्षी फर्लोवर (कैद्याला जेलबाहेर येण्यासाठी मिळणाऱ्या रजेवर) आले होते, वेळेत परत हजर झाले. आम्हाला मूल नाही. डॉक्टर म्हणतात, आयव्हीएफ करायचं तर आताच. पंजाबात नवरा-बायकोला जेलमध्ये एकांतात भेटू देतात असं वाचलं, म्हणून तसा अर्ज दिला. 'अशी तरतूद नाही' एवढंच उत्तर आलं. आता काय करू?

उत्तर: ताई, कारागृहाने दिलेलं उत्तर कायद्याला धरून आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीच्या एकांत भेटीचा नियम नाही. आपल्याकडच्या जेलमध्ये 'गळाभेट' होते, पण ती कैद्यांच्या मुलांसाठी. पंजाबने सप्टेंबर 2022 मध्ये गोइंदवाल साहिबच्या कारागृहापासून दोन तासांची भेट सुरू केली, ती त्या राज्याची योजना आहे. तिच्यावर बोट ठेवून इथे हक्क सांगता येत नाही.

कोर्टांची मतंही एकसारखी नाहीत. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने अपत्यप्राप्तीचा हक्क कैदेतही घटनेच्या कलम 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) खाली टिकतो असं म्हटलं, मात्र त्यावर वाजवी बंधनं येतात हेही सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2022 मध्ये शरीरसंबंधासाठी रजा हा मूलभूत हक्क मानला नाही, पण वंध्यत्वावरच्या उपचारांसाठी रजा मिळू शकते हे मान्य केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये जन्मठेपेच्या एका कैद्याला याच कारणासाठी चार आठवड्यांचा पॅरोल दिला. हे निकाल आपल्या, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाहीत, पण दाखवता नक्की येतात. त्यांतून तुमच्या कामाचं एवढंच घ्या की 'भेट' मागितली तर दार बंद आहे, 'उपचारासाठी रजा' मागितली तर ते उघडू शकतं.

पहिला भर फर्लोवर, म्हणजे संचित रजेवर ठेवा. तिला कारण द्यावं लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे, म्हणजे अभिवचन रजेचे दिवस धरले जात नाहीत. शिवाय आजवरच्या नियमांत पॅरोलची कारणं म्हणजे जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, पत्नीची प्रसूती, पूर-आगीसारखी आपत्ती. वंध्यत्वाचे उपचार त्यांत शब्दशः नाहीत. बाळंतपणाला रजा आहे, पण तिथवर पोहोचायला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढची फर्लो देय होण्याच्या तीन महिने आधी पतींनी अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. निर्णय कारागृह उपमहानिरीक्षक, पूर्व विभाग, नागपूर यांच्याकडे होतो. घोडं अडतं ते पोलीस अहवालावर. 'फिर्यादीच्या कुटुंबाला धोका' असं ठरावीक वाक्य येतं आणि अर्ज नामंजूर होतो. फिर्यादी तुमच्याच वस्तीत राहत असतील तर रजेचा पत्ता दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या नातेवाइकाचा द्या, तोच हमीदार ठेवा आणि रोज ठाण्यात हजेरी लावू असं अर्जातच लिहा. मागच्या वेळी वेळेत हजर झाल्याची नोंद सोबत जोडा. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद तोच आहे.

रजेचे दिवस वाया जाऊ देऊ नका. आयव्हीएफचं सगळं चक्र त्यांच्या रजेत बसवायला गेलात तर फसाल, कारण रजेचा आदेश कधी निघेल ते तुमच्या पाळीच्या तारखेवर ठरत नाही. त्याऐवजी पतींचे नमुने गोठवून ठेवा. रजेवर आल्यावर पहिल्या दोन दिवसांत वीर्यतपासणी आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी या रक्तचाचण्या करून घ्या. मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा नमुना द्यावा. प्रत्येक वेळी आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचा संयम हवा. नमुना जेलमधून मागवण्याचा विचार सोडा, तो साधारण तासाभरात, शरीराच्या तापमानाला प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. एकदा नमुने गोठवले की तुमची दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं आणि बीजं काढणं पती आत असतानाही करता येतं. मात्र त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या संमतीपत्रांवर त्यांच्या सह्या रजेतच घेऊन ठेवा. त्या राहिल्या तर केंद्र पुढचं पाऊल उचलणार नाही. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत केंद्रं बरीच आहेत, पण 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी असलेलंच निवडा. त्या कायद्यात पत्नीचं वय 50 च्या आत आणि पतीचं 55 च्या आत असावं लागतं. तुम्ही दोघं त्यात बसता.

पहिल्या तपासणीत शुक्राणू निघालेच नाहीत तर ते शस्त्रक्रियेने काढावे लागू शकतात, आणि मग रजा अपुरी पडते. तेव्हाच पॅरोलचा अर्ज करा. डॉक्टरांच्या दाखल्यात 'उपचार आवश्यक' असं मोघम नको. 'पत्नीचं वय 36, एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) इतकं, सहा महिन्यांहून अधिक विलंब झाल्यास यशाची शक्यता घटते, पतीची उपस्थिती या तारखेपासून इतके दिवस लागेल', असं डॉक्टरांना योग्य वाटेल त्या आकड्यांसह लिहून घ्या. पोलीस गार्डसोबत दवाखान्यात नेण्याची मागणी पर्यायी म्हणून ठेवा. मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात न्यायच्या कैद्यांच्या तारखासुद्धा गार्ड नाही म्हणून चुकतात, त्यामुळे ठरलेल्या दिवसाच्या उपचाराला त्यावर विसंबू नका.

अर्ज नामंजूर झाला तर लेखी आदेशाची प्रत घ्या आणि नागपूर खंडपीठात फौजदारी रिट याचिका करा. उत्तरच आलं नाही तर तेही याचिकेचं कारण होतं. वकीलपत्रावर पतींची सही जेलमध्येच, अधीक्षकांच्या साक्षांकनाने होते. पैशांची अडचण असेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कैदी आणि स्त्री या दोघांनाही उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे जा किंवा 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा.

एकांत भेट असावी का, यावर माझं मत: असावी, आणि नियम करून असावी. आज जिला हायकोर्ट गाठता येतं तिचीच दाद लागते. शिक्षा नवऱ्याला झाली, वय मात्र बायकोचं सरतं. महाराष्ट्राला ही कल्पना परकीही नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत निवडक कैदी कुटुंबासह राहतात, आणि ती औंध संस्थानाने 1939 मध्ये सुरू केली. तिथे पाठवण्यासाठी पतींची निवड होऊ शकते का, हेही अधीक्षकांना वेगळ्या अर्जाने विचारा. फर्लोच्या अर्जात ते मिसळू नका, नाहीतर दोन्ही रेंगाळतील.