‘कसबा बीड’मधलं बीड आणि ‘वीरगळ’मधला गळ

प्रश्न असा आला आहे: करवीर तालुक्यातल्या कसबा बीडचा मराठवाड्यातल्या बीडशी काही संबंध आहे का, की हे ओतकामातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड? आणि तिथे महादेवाच्या देवळापाशी जे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, आहेत, त्यातला ‘गळ’ म्हणजे गळा का?

ओतकामाची शंका कोल्हापूरकरालाच यावी! शिरोलीच्या फौंड्र्या आणि घरचा बिडाचा तवा डोळ्यांसमोर असल्यावर दुसरं काय सुचणार? पण भोगावती-तुळशीच्या संगमाजवळचं हे गाव जुनं आहे, इथे राज्य केलेल्या शिलाहार घराण्याच्या आठवणी सांगणारं. पावसाळ्यात तिथल्या शेतांत सोन्याची बारीक नाणी सापडतात, म्हणून ‘सोन्याचा पाऊस पडणारं गाव’ अशी त्याची ख्याती. त्या काळी या भागात कन्नड चांगलीच रुळलेली होती. तेव्हा शोध तिकडूनच घ्यायला हवा.

कन्नडमध्ये ‘बीडु’ म्हणजे मुक्काम, तळ, छावणी. कर्नाटकातल्या होयसळ राजांच्या उजाड झालेल्या राजधानीला हळेबीडु म्हणतात, म्हणजे जुना तळ. कायमच्या तळाला कन्नड शिलालेखांत ‘नेलेवीडु’ हा शब्द येतो. आपल्या शिलाहारांच्या संस्कृत लेखांत राजा ‘वळवाड’ इथल्या ‘स्थिर शिबिरा’तून राज्य करतो, ती याच कल्पनेची संस्कृत आवृत्ती. हे वळवाड म्हणजे कोल्हापूरजवळचं वळिवडे की राधानगरीकडचं गाव, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. (वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची खरीखुरी छावणी पडली, हा निव्वळ योगायोग.) गावकरी बीडला शिलाहारांच्या भोज राजाची राजधानी म्हणतात. दुसऱ्या भोजाचं बळ पन्हाळ्यावर होतं आणि १२१२च्या सुमारास देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने त्याचं राज्य बुडवलं. बीड राजधानी होती की लष्करी तळ, हा वाद बाजूला ठेवला तरी ‘बीडु’ दोन्हीला चालतो. माझा कौल या व्युत्पत्तीलाच. मराठवाड्याचं बीड यात ओढायची गरज नाही. नुसत्या आवाजावर जायचं तर कर्नाटकातलं मूडबिद्रीही ओढता येईल, पण तिथलं ‘बिदिरे’ म्हणजे बांबू.

‘कसबा’ मात्र पुढचा, मुसलमानी अमलातला अरबी शब्द: परगण्यातलं बाजारपेठेचं, कारभाराचं मुख्य गाव. साधं खेडं ते मौजे. कसबा बावडा, कसबा सांगाव, कसबा तारळे, कसबा वाळवे ही सगळी त्याच घरातली. तेव्हा ‘कसबा बीड’ म्हणताना आपण एक अरबी आणि एक कन्नड शब्द जोडून खास मराठी गाव सांगतो.

आता गळ. गळ्याशी त्याचा काही संबंध नाही, मासे धरायच्या गळाशी तर नाहीच. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीर + कल्लु = वीरगल्लु. कन्नड समासात दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचा क मऊ होऊन ग होतो. ‘बीडु’चं ‘नेलेवीडु’त वीडु होतं तेही अशाच संधीने. आपण शेवटचा उकार टाकला, ल्लचा ळ केला. या दगडावरची चित्रं खालून वर वाचायची: तळाला लढाई किंवा पडलेला वीर, पुष्कळदा पळवून नेलेल्या गायी, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, कारण तो कैलासाला पोचला. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, कन्नडमध्ये ‘मास्तिकल्लु’. तिथलं ‘कल्लु’ आपण घेतलं नाही, शिळाच ठेवली.

तो वीरगळ की ती वीरगळ, हेही विचारलं आहे. कन्नडमध्ये कल्लु नपुंसकलिंगी, त्यामुळे मुळाकडून मदत नाही. मराठीत दोन्ही चालतात: मनात दगड असला की ‘तो’, शिळा असली की ‘ती’ आणि मग अनेकवचन ‘वीरगळी’. मी ‘तो’ लिहितो. एका लेखात दोन्ही नकोत, एवढंच.