‘चमकणारे’ की ‘प्रतिदीप्त’?

प्रश्न : ‘फ्लुओरेसंट प्रोटीन बायोसेन्सर’ला (पेशीतला बदल प्रकाशातून दाखवणाऱ्या प्रथिनाला) ‘चमकणारे प्रथिन-संवेदक’ म्हटले तर चालेल का? ‘प्रतिदीप्त’ फार जड वाटते. याच वाक्यात पेशीतल्या ‘सिग्नलिंग’साठी मी ‘संकेत’ लिहिले आहे, तेही बरोबर आहे का?

जड वाटते खरे, पण त्यातला ‘प्रति’ सोडू नका. सगळा अर्थ तिथेच आहे. हाक दिली की प्रतिध्वनी येतो, तशी बाहेरून प्रकाश पडला की प्रतिदीप्ती दिसते. दिवा विझवला की तीही लगेच विझते. काजवा मात्र स्वतःच्या रसायनांवर प्रकाशतो, ती जैवदीप्ती. ‘चमकणारे’ वाचले की डोळ्यांपुढे काजवाच येतो. (काही जण ‘अनुस्फुरण’ लिहितात. चूक नाही, पण ‘प्रति’ मला जास्त बोलका वाटतो.) प्रतिध्वनीशी एक फरक आहे : आवाज तोच परततो, प्रकाश रंग बदलून येतो. निळा आत जातो, हिरवा बाहेर पडतो.

एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमध्ये तर दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये तिच्यातून वेगळे काढलेले एक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियम मिळताच आपणहून निळे प्रकाशते. जवळचे हिरवे प्रथिन तीच ऊर्जा उचलते आणि हिरवा प्रकाश देते.

ही उचलाउचल पुढे संवेदकांत कामी आली. १९९७ च्या ‘कॅमेलिऑन’ या संवेदकामध्ये एका टोकाला निळसर प्रथिन, दुसऱ्या टोकाला पिवळे, मध्ये कॅल्शियम धरणारे कॅलमोड्युलिन. पेशीत कॅल्शियम वाढले की मधला भाग आवळला जातो, दोन्ही टोके जवळ येतात, निळसर मंदावते आणि पिवळे वाढते. नाव ठेवताना ‘कॅलमोड्युलिन’चा ‘कॅम’ आणि रंग पालटणारा सरडा (इंग्रजीत ‘कमेलिअन’), दोन्ही मनात होते. इथे ‘चमकतो’ लिहिले तर साफ चुकते. नवे काही पेटत नाही, रंगाचा तोल ढळतो.

‘जीकॅम्प’ या संवेदकात एकच हिरवे प्रथिन असते. कॅल्शियम नसताना ते मंद असते आणि मिळाले की त्याची दीप्ती भरभर वाढते. त्याला ‘उजळतो’ हे क्रियापद चपखल बसते. म्हणजे नाम एकच ठेवा, क्रियापद संवेदकागणिक निवडा.

‘सिग्नलिंग’साठी ‘संकेत’ऐवजी ‘संदेशवहन’ घ्या. ‘संकेत’ म्हटले की खूण किंवा रूढी आठवते. इथे निरोप एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो आहे.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘प्रतिदीप्त प्रथिन-संवेदकांमुळे जिवंत पेशीतले संदेशवहन चालू असतानाच पाहता येते.’