पाईपलाईन फुटली की नगरपरिषदेचं पाणी यायला आठवडा का लागतो?

खड्डा दोन दिवसांत बुजवला जातो, तरी नळाला आठवडाभर पाणी का येत नाही आणि नगरपरिषद हे मुद्दाम करते का, असं तुम्ही विचारलंय. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. मुद्दाम कुणी करत नाही. पण टाळता येण्यासारखा उशीर त्यात भरपूर असतो.

लाईन फुटते ती बहुतेक वेळा मातीमुळे आणि विजेमुळे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेला जुना एसी, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाईप वाकत नाही, सरळ तडकतो. त्यात वीज अचानक गेली की पंप थांबतो, चढावरचं पाणी उलटं फिरतं आणि लाईनीवर आदळतं. पंपाजवळचा, पाणी उलटं येऊ न देणारा रिफ्लक्स व्हॉल्व्ह खराब असेल तर त्या धक्क्यानं जोड निखळतात. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागणं, टंचाईत जनावरांना पाणी पाजायला लाईनीवरचा हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह फोडणं, हेही होतं.

खुद्द दुरुस्तीला सामान हाताशी असेल तर एक दिवस पुरतो. खोदायचं, इंजिन लावून खड्ड्यातलं पाणी उपसायचं, तडकलेला तुकडा कापून नवा बसवायचा, दोन्हीकडून कॉलर आवळायची. इथं फिटरला घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओल्या काळ्या मातीच्या कडा कोसळतात आणि माणूस आत उतरलेला असतो. भोवती उभं राहून ओरडणाऱ्या गर्दीत त्याला वरच्याचा इशारासुद्धा ऐकू येत नाही.

पहिला उशीर सामानाचा. 300 मिमीच्या एसी पाईपाला बसणारा सीआयडी जॉइंट, म्हणजे दोन पाईप जोडणारा बिडाचा जोड, तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तो छत्रपती संभाजीनगर, लातूर नाहीतर सोलापूरहून येतो. स्टोअरमध्ये दोन-चार जोड, चार पाईप आणि रबर रिंगा ठेवल्या असत्या तर तो दिवस वाचला असता. मग "मंजुरी नाही, टेंडर नाही" हे कारण पुढे येतं. ते मला पटत नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात, कलम 58(2) खाली, तातडीचं काम लगेच करून घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. नंतर ते सभेपुढे ठेवायचं असतं. पण याच कलमाखाली तातडीची नसलेली कामंही दाखवली जातात, लेखापरीक्षणात आक्षेप निघतात आणि मग खऱ्या अडचणीच्या वेळी अधिकारी सही करायला कचरतात. यावर सरळ उपाय म्हणजे वार्षिक दर करार. जोड, मजुरी आणि जेसीबीचे तास यांचे दर मार्चच्या आत ठरलेले असले की मध्यरात्री फोन केला तरी काम सुरू होतं.

दुसरा उशीर मोठा असतो आणि लोकांना तो दिसतच नाही. दुरुस्तीसाठी लाईन रिकामी करावी लागते. 300 मिमी व्यासाची 12 किमीची लाईन पूर्ण रिकामी झाली तर ती नुसती भरायलाच साधारण साडेआठ लाख लिटर पाणी लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या 10 वॅगनमध्ये मिळून सुमारे 5 लाख लिटर होतं. त्याहून जास्त पाणी आपण एका दुरुस्तीपायी नाल्यात सोडतो. लाईन मध्येच बंद करणारे स्लुइस व्हॉल्व्ह चालू असतील तर दीड किमीचाच तुकडा रिकामा होतो आणि लाखभर लिटरवर भागतं. पण कितीतरी ठिकाणी ते व्हॉल्व्ह गंजून जाम झालेले असतात, नाहीतर त्यांचे चेंबर डांबराखाली गेलेले असतात. भरतानाही पंप एकदम पूर्ण सोडता येत नाही. एअर व्हॉल्व्हमधून हवा निघू द्यावी लागते, नाहीतर लाईन दुसरीकडे फुटते. मग टाकी भरणार, मग पाळी सुरू होणार. गावाची पाळीच पाच-सहा दिवसांची असेल तर तुमचा वॉर्ड शेवटी येतो आणि आठवडा तिथंच भरतो.

म्हणून तुम्ही नगरपरिषदेत जाल तेव्हा "पाणी कधी येणार" याच्या पुढचं विचारा. स्टोअरमध्ये कोणत्या व्यासाचे किती जोड शिल्लक आहेत? दर करार झालाय का? मुख्य लाईनीवरचे किती व्हॉल्व्ह फिरतात? पाळी चुकलेल्या वॉर्डाला टँकर कुठं उभा राहणार? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज द्या, 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. साठा नोंदवही आणि दुरुस्तीच्या कामाची मोजमाप पुस्तिका, दोन्ही मागा. एकाच ठिकाणची लाईन वर्षात तीनदा फुटली असेल तर तिथला तुकडा बदलायचा ठराव घ्यायला नगरसेवकाला भाग पाडा.

आणि पाणी आलं की पहिलं पाणी प्यायला भरू नका. रिकाम्या लाईनीत बाहेरचं पाणी ओढलं जातं, जिथं लाईन गटाराशेजारून जाते तिथं गटाराचंही. कावीळ, गॅस्ट्रोची साथ बऱ्याचदा अशीच सुरू होते. गढूळपणा जाईपर्यंत पाणी सांडण्या-धुण्याला वापरा, पिण्याचं उकळून घ्या. वॉटरमनला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, तुमच्या समोर करायला सांगा. नळीतलं पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय पुढचा वॉर्ड सोडू देऊ नका.