जेलएमएचा कडकपणा दर बॅचला बदलत असेल तर

पीएचडीचं पहिलं वर्ष, जेलएमए (मेथॅक्रिलेट गट जोडलेलं, प्रकाश टाकला की घट्ट जेल होणारं जिलेटिन) प्रयोगशाळेतच बनवता, कृती तीच ठेवूनही कडकपणा दर वेळी वेगळा आणि पेशी कधी जगतात, कधी मरतात, असं तुम्ही लिहिलंय. पेशींवर खापर फोडण्याआधी पावडर तपासा.

मेथॅक्रिलिक अनहायड्राइड पाण्यात नीट विरघळत नाही, थेंबांच्या रूपात राहतो. ढवळणं कमीजास्त झालं की किती गट जोडले गेले तेही बदलतं. शिवाय अभिक्रियेत आम्ल सुटतं, पीएच उतरतो, जिलेटिनमधले अमाइन गट (जिथे मेथॅक्रिलेट जोडला जातो) प्रोटॉन घेऊन बसतात आणि पुढची अभिक्रिया रखडते. साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर असलेलं खारट द्रावण) हे फार लवकर होतं. त्यामुळे कार्बोनेट-बायकार्बोनेट बफर घ्या, तापमान ५० अंश आणि पीएच ९ च्या आसपास राखा, अनहायड्राइड थेंब-थेंब सोडा आणि अधूनमधून पीएच मोजत राहा. नंतर १२-१४ किलोडाल्टनच्या (त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत ४० अंशांवर पाच ते सात दिवस डायलिसिस, दिवसातून दोनदा पाणी बदलून. इथे घाई केली की उरलेलं मेथॅक्रिलिक आम्ल पेशींना मारतं आणि तुम्ही दोष देता फोटोइनिशिएटरला (प्रकाश शोषून जेल घट्ट करणारी अभिक्रिया सुरू करणाऱ्या रसायनाला).

किती गट जोडले गेले ते कळायला प्रत्येक बॅचचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) काढा. ते जमत नसेल तर टीएनबीएस चाचणी (उरलेले मोकळे अमाइन गट रंगावरून मोजणारी) करा, पण आकडा नोंदवल्याशिवाय पावडर वापरू नका.

आता प्रकाश. दिव्यावर छापलेली तीव्रता सोडून द्या, नमुना जिथे ठेवता तिथे रेडिओमीटर धरा. १० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी. × ६० सेकंद म्हणजे ६०० मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी. लिहायचा तो हा डोस. ४०५ नॅनोमीटरचा दिवा असेल तर एलएपी हा फोटोइनिशिएटर घ्या, दुसरा नेहमीचा, इर्गाक्युअर २९५९, तिथे जवळपास प्रकाश शोषतच नाही. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: द्रावण थंड होऊन आधीच गोठलं असेल तर त्याच डोसला जेल जास्त कडक होतं. म्हणजे एसीखाली पाच मिनिटं पडून राहिलेला साचा आणि ३७ अंशांवरून थेट दिव्याखाली नेलेला साचा हे दोन वेगळे पदार्थ झाले. कडकपणा मोजायचा तो पीबीएसमध्ये ३७ अंशांवर २४ तास फुगू दिल्यानंतर.

जेलमध्ये एमटीटीवर (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) विसंबू नका, तिच्यात तयार होणारं रंगीत फॉर्माझान आत अडकतं. कॅल्सीन-एएम (जिवंत पेशींसाठी) आणि प्रोपिडियम आयोडाइडने (मेलेल्यांसाठी) रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली खोलीनुसार बघा. फक्त मधल्याच पेशी मेल्या असतील तर बहुधा ऑक्सिजन पोहोचत नाही, जेलच्या थराची जाडी कमी करा. सगळीकडे सारख्याच मेल्या असतील तर पुन्हा डायलिसिस आणि डोस तपासा. मॅक्रोफेजवर (रोगप्रतिकारक पेशींवर) काम असेल तर जिलेटिनमधलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातून येणारं विष) एलएएल चाचणीने मोजाच, नाहीतर दिसलेला दाह पदार्थाचा की घाणीचा हे कळायचं नाही.

एकाच बॅचचे तीन तुकडे म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = ३ नव्हे. तीन स्वतंत्र बॅच हव्यात. समीक्षक पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतील.